पांदणीचं अंतर

कोणत्याही शाळेत पाऊल टाकलं की मी आधी पाण्याचा रांजण बघतो. झाकण आहे का, पाणी काढायचं वगराळं आहे का, तळाशी गाळ किती. नव्या शाळेतले माझे सहकारी सुरुवातीला हसले. "गुल्हाने सर, तुमी शिक्षक हाय का पानीवाले?" असं एकानं विचारलंसुद्धा. ही सवय माझी नाही, भुयार मॅडमची आहे. त्यांच्याकडून मी बरंच काही घेतलं. पण त्यांच्यापासून एक गोष्ट चार महिने लपवूनही ठेवली होती. खरं तर तीच आधी सांगायला हवी. तेवढा धीर होत नाही, म्हणून आधी मॅडमबद्दल सांगतो.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आमच्या केंद्रात नऊ शाळा. सगळ्या जिल्हा परिषदेच्या. त्या नऊ शाळांवर एक केंद्रप्रमुख. मॅडम जूनमध्ये केंद्रप्रमुख म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या सेवानिवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. अशा वयात माणूस फाइली आवरतो, पेन्शनची कागदपत्रं जुळवतो. आम्हीही तसंच समजून चाललो होतो.

बाई ठेंगण्या, सावळ्या. सुती साडी, पायात पुरुषांसारख्या काळ्या चामडी चपला. स्कुटीला एकच आरसा. दुसरा कधी तुटला ते त्यांनाही आठवत नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मांगचं पाहाले एक पुरे हाय." राहायला बडनेऱ्यात. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि डबा तेच करून द्यायचे. दुपारी डबा उघडला की पहिला घास घेऊन मॅडम जाहीर करायच्या, "आज यायनं मीठ दोनदा टाकलं." किंवा, "आज टाकलंच नाई." डबा मात्र रोज संपायचा.

मूळच्या त्या अकोल्याच्या. उन्हाबद्दल तक्रार केलेली त्यांना खपायची नाही. "आमच्या अकोल्यात डांबर पायाले चिकटते बापा. तुमचं काय ऊन घेऊन बसले!"

कागदावर त्यांची मराठी धुतल्या तांदळासारखी. एकही ओळ वाकडी नाही. तोंडानं मात्र कायम वऱ्हाडी, मग समोर पहिलीतलं लेकरू असो की तालुक्याचे साहेब.

माझ्या शाळेवर त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. आमचं गाव खैरझिरी. शाळा पाचवीपर्यंतची, पट अठ्ठेचाळीस, शिक्षक तीन. मॅडम आल्या त्या सरळ रांजणाकडे गेल्या. मी हजेरीपट घेऊन मागे मागे. त्यांनी झाकण काढलं, पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "शाळा पाहाची असन तं पयले रांजन पाहा. जिथं पानी चांगलं, तिथं मास्तर जाग्यावर राह्यते." मला बरं वाटलं. रांजण मी त्याच सकाळी घासायला लावला होता, हे मी बोललो नाही.

मग वर्गात आल्या. मी चौथीतल्या आमच्या हुशार मुलीला उभं केलं. तिनं धडा घडाघडा वाचला. मॅडमनी मान डोलावली, पिशवीत हात घातला आणि घडी घातलेली कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी बाहेर काढली. "हे वाच बरं, बाई." पोरगी पहिल्याच ओळीत अडली. मग दुसरीत. शेवटी रडायला लागली.

"रडाचं काही काम नाई," मॅडम तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, पुस्तक पाठ हाय हिले. वाचता कुठं येते?"

मला राग आला. अपमान वाटला. दोन दिवस मी घरी नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातून मिठाचा पुडा घेतला, वर्गात नेला आणि एकेकाला वाचायला लावला. अठरापैकी पाच जणांना आला.

त्या वर्षी नऊही शाळांत एकच गृहपाठ होता. रोज घरून एक कागद आणायचा आणि वाचून दाखवायचा. काय काय यायचं! लग्नपत्रिका, एसटीचं तिकीट, खताची पिशवी, आजीच्या गोळ्यांचं पाकीट, कर्ज मिळेल म्हणून रस्त्यावर वाटलेलं पत्रक. एका दिवशी एका गावचा बाप तणतणत मॅडम बसायच्या त्या केंद्रशाळेत आला. "मॅडम, काय शिकवून राहिले तुमी? माह्या पोट्टीनं बाटलीवरचं लेबल साऱ्या पाहुन्याईसमोर वाचलं!"

"बरोबर वाचलं काय?" मॅडमनी विचारलं.

"अं?"

"अटकली तं नाई कुठं?"

तो माणूस डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, "नाई. 'आरोग्यास हानिकारक'सुद्धा बरोबर वाचलं."

"मंग पेढे वाटा ना, बापा!"

होळीपर्यंत केंद्रातल्या तिसरीच्या वरच्या जवळपास सगळ्या लेकरांना कुठलाही कागद वाचता यायला लागला. शिष्यवृत्ती परीक्षेतही दोन मुली लागल्या. आमच्या केंद्रात ते कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पैशाचं मात्र नेहमीचंच रडगाणं होतं. शाळेचं अनुदान वर्षभर येत नाही. ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तेही अर्धंमुर्धं येतं, आणि सोबत हुकूम येतो की एकतीस तारखेच्या आत खर्च करा, नाहीतर परत जाईल. मग सगळे मुख्याध्यापक बडनेऱ्याला जाऊन मिळेल ते आणतात. खडू, भिंतीवरचं घड्याळ, प्लास्टिकचा फुलदाणीवजा काहीतरी ऐवज. मॅडमनी त्या मार्चमध्ये नऊही मुख्याध्यापकांना माळीपुऱ्याच्या शाळेत बोलावलं. आमच्या मुख्याध्यापकांबरोबर मीही गेलो होतो, कारण केंद्राचं सगळं ऑनलाइन काम माझ्याकडे असायचं.

माळीपुरा म्हणजे नाल्याकाठची बाग करणाऱ्या माळ्यांची वीस-बावीस घरं. खैरझिरीच्या आणि त्यांच्या मध्ये शेतं आणि एक नाला. शाळा दोन खोल्यांची, पट सतरा. कडुनिंबाखाली सतरंजीवर आम्ही बसलो. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष वंदनाबाई होले यांनी सगळ्यांना चहा दिला.

मॅडम म्हणाल्या, "ज्याच्यापाशी एकच बैल हाय, तो काय करते?"

"सावड करते," वंदनाबाईच बोलल्या. "दुसऱ्या एकबैल्यासंगं जोडी करते. आज याचं वावर, उद्या त्याचं."

"आयकलं ना? तुमी सारे एकबैले हाय. नऊ जन नऊ घड्याळं आनसान, अन् नऊही घड्याळं जूनमधी बंद पडतीन. त्यापेक्षा एकानं पृथ्वीचा गोल आना, एकानं तराजू-मापं, एकानं खो-खोचे खांब, एकानं वाजवाची पेटी. सामान साऱ्याईचं. दर सोमवारी एका शाळेतून दुसरीत जाईन."

"अन् नेईन कोन?" एका मुख्याध्यापकानं विचारलं. "गाडीभाडं कुठून देनार?"

पुन्हा वंदनाबाईच बोलल्या. "आमचा भाजीचा ऑटो रोजच बडनेऱ्याले जाते. साऱ्या गावाच्या फाट्यावरूनच जाते ना थो. मेथीच्या जुड्याईसंगं तुमची पृथ्वीही जाईन."

आणि तसंच झालं. पालकाच्या ओल्या पेंढ्यांमध्ये ठेवलेला पृथ्वीचा गोल नऊ गावं फिरला. ज्या सोमवारी ऑटो सामान घेऊन यायचा त्या दिवशी आमची पोरं प्रार्थनेच्या आधीच फाट्यावर उभी असायची. या सगळ्याचा भार माळीपुऱ्यानं उचलला होता, सतरा पोरांच्या शाळेनं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं ते याच माळीपुऱ्याशी केलं.

एप्रिलमध्ये वरून माहिती मागवली गेली. वीसपेक्षा कमी पट असलेली शाळा, तिला जवळची दुसरी शाळा आणि दोन्हींमधलं अंतर. दुसरी शाळा किलोमीटरच्या आत असली की पहिली बंद होऊ शकत होती. केंद्राची माहिती मीच भरत होतो. माळीपुऱ्याहून खैरझिरीला दोन वाटा आहेत. एक डांबरी रस्ता, मोठा वळसा घालून जाणारा. दुसरी शेतांमधून, नाल्यातून जाणारी पांदण. एप्रिलमध्ये नाला कोरडा आणि काळी माती दगडासारखी टणक असते. मी त्या पांदणीनं मोटारसायकल घालून गेलो आणि आकडा बघून अंतर भरलं. आठशे मीटर.

आता लपवलेलं सांगतो. कोणत्या शाळेला किती शिक्षक, हे पटावरून ठरतं. साठाच्या वर मुलं असतील तर तिसरा. आमचा पट अठ्ठेचाळीस, म्हणजे तिघांपैकी एक जण अतिरिक्त ठरणार होता आणि सेवेत सर्वांत कनिष्ठ मीच. माझी मुलगी त्या जूनमध्ये बारावीला जाणार होती. तिचे क्लास अमरावतीत राजापेठेत, आम्ही भाड्यानं राहायचो तेही राजापेठेत. मला दूर पाठवलं तर घराचं काय, या विचारानं माझी झोप उडाली होती. माळीपुऱ्याची सतरा मुलं खैरझिरीत आली तर पट पासष्ट होणार होता. ही बेरीज मी फॉर्म भरण्याच्या आधी केली होती, नंतर नाही. पांदणीचं पावसाळ्यात काय होतं, हेही मला ठाऊक होतं. त्या भागात मी आठ वर्षं काढली होती.

ऑगस्टमध्ये यादी आली. 'समायोजनास पात्र शाळा.' म्हणजे बंद करून दुसरीत मिसळायच्या. त्यात माळीपुरा होती आणि समोर कारण म्हणून माझे आठशे मीटर. हरकत घ्यायला पंधरा दिवस.

मॅडमनी मला केंद्रशाळेत बोलावलं. यादीवर बोट ठेवलं. "हे अंतर तुमी भरलं?"

"हो, मॅडम. पांदणीनं गेलं तर तेवढंच आहे."

त्यांनी यादीची घडी घातली. पिशवी खांद्याला लावली. "चला बरं, सर. जरा जाऊन येऊ."

"आत्ता? पाऊस उघडलाय पण चिखल..."

"लेकरं काय चिखल वाळाची वाट पाह्यतीन? चला."

स्कुटी माळीपुऱ्यात लावून आम्ही पांदणीला लागलो. पहिल्या पन्नास पावलांत माझी पँट पोटरीपर्यंत भरली. काळी माती पाय धरून ठेवत होती. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खोल जायचा. मॅडमनी चपला आधीच काढून पिशवीत टाकल्या होत्या. मी मात्र नवी सँडल घालून चाललो होतो. नाल्याच्या अलीकडे माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. पाय निघाला, सँडल आतच राहिली. मी हात घालून चाचपत होतो तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"राहू द्या, सर! दिवाळीले माती वाळली का आपोआप निंघन बाहेर!"

वंदनाबाई होत्या. डोक्यावर कोथिंबिरीचं गाठोडं.

"इथून जाता येतं ना, बाई?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. कदाचित अजून मला खोटा आधार हवा होता.

"इथून?" त्या हसल्या. "सर, इथून तं आमी श्रावनात बैलही नेत नाई. लेकरं कोन पाठवन? अन् रस्त्यानं न्याचं तं कोनं न्याचं? आमी साऱ्या बाया पाहाटे पाचलेच भाजी घेऊन निंघतो."

समोर नाला गढूळ पाण्यानं भरून वाहत होता. मॅडम काठावर उभ्या राहिल्या. वंदनाबाई पुढे निघून गेल्यावर माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. पटाची बेरीज, मुलीचे क्लास, भीती, सगळं. एका पायात सँडल, एक पाय उघडा आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, रडत होतो. मला वाटलं त्या रागावतील, किंवा समजूत काढतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

मॅडम नाल्याकडे बघत म्हणाल्या, "हे मले कायले सांगता? मले सांगून तुमचं मन हलकं होईन. पोट्ट्याईची शाळा नाई वाचनार. कागदावर चुकलं ना? कागदावर लिहा."

मी रात्री तालुक्याच्या साहेबांच्या नावे पत्र लिहिलं आणि सकाळी मॅडमना दाखवलं. 'माझ्याकडून अनवधानाने अंतर चुकीचे नोंदवले गेले.' मॅडमनी लाल पेन घेतलं आणि 'अनवधानाने' या शब्दावर आडवी रेघ मारली. "घाई होती म्हना, भेव होतं म्हना, नाईतं काहीच म्हनू नका. पन हे नाई." मी काहीच म्हटलं नाही. 'अंतर मी चुकीचे नोंदवले.' एवढंच लिहून खाली सही केली. त्या सहीनं मी स्वतःला अतिरिक्त ठरवतो आहे, हे मला कळत होतं. मॅडमनाही कळत होतं. त्यांनी एक शब्द धीराचा दिला नाही. फक्त डब्यातली अर्धी पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी मीठ नव्हतंच.

अंतराचा पुरावा त्यांनी पोरांकडूनच तयार करून घेतला. दहा मीटरची दोरी, माळीपुऱ्याची तिसरी-चौथीची पोरं आणि पुढेमागे गाड्या थांबवायला लाल ओढणी घेऊन उभ्या आया. डांबरी रस्त्यानं, या दारापासून त्या दारापर्यंत. दर दोरीला एक खडूची रेघ आणि वहीत एक खूण. दोनशे एकाहत्तर दोऱ्या आणि वर चार हात. गणित पोरांनीच सोडवलं. साहेब पाहणीला आले तेव्हा मॅडम त्यांना म्हणाल्या, "साहेब, दोन वाटा हाय. एक पोट्ट्याईनं मोजली. दुसरी तुमी मोजा." साहेबांनी पांदणीच्या तोंडाशी उभं राहून आपल्या बुटांकडे बघितलं आणि रस्त्यानंच गेले. त्यांच्या गाडीचा आकडा आणि पोरांची वही, दोन्ही जुळलं. त्या वर्षीच्या यादीतून माळीपुरा निघाली.

त्या वर्षीच्या म्हणतो, कारण यादी दर वर्षी येते.

ऑक्टोबरमध्ये मी अतिरिक्त ठरलो आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माझी नेमणूक झाली. सकाळी सहाला घरून निघतो, दिवस कलताना परततो. मुलगी बारावी झाली, तिचं काही अडलं नाही. ज्या भीतीपायी मी सतरा लेकरांची शाळा मोडायला निघालो होतो ती भीती प्रत्यक्षात एवढीच निघाली, दोन तासांचा जास्तीचा प्रवास. हे आठवलं की अजून मान खाली जाते.

मॅडम डिसेंबरअखेर निवृत्त झाल्या. निरोप समारंभ, शाल-श्रीफळ त्यांनी काही होऊ दिलं नाही. शेवटच्या नऊ दिवसांत त्या नऊ शाळांत गेल्या. प्रत्येक शाळेत रांजणातलं पाणी प्यायच्या, एखाद्या लेकराकडून एखादा कागद वाचून घ्यायच्या आणि निघायच्या. नववा दिवस माळीपुऱ्याचा होता. मी रजा टाकून गेलो.

त्या दिवशी कडुनिंबाखाली खो-खोच्या मुली बसल्या होत्या. फिरत्या खांबांवर सराव करून केंद्राचा संघ जिल्ह्यापर्यंत गेला होता आणि पहिल्याच सामन्यात हरून आला होता. हरल्याचं दुःख कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. अमरावतीच्या मैदानावर कोण कशी घसरली, हेच त्या एकमेकींना सांगत होत्या. भिंतीवर नव्या रंगानं दोन ओळी लिहिल्या होत्या: 'येथून खैरझिरी शाळा, रस्त्याने २७१ दोऱ्या व चार हात. मोजणारे: इयत्ता तिसरी व चौथी.'

मी वंदनाबाईंना बाजूला घेतलं. चार महिने घोकलेलं वाक्य मला बोलायचं होतं. "बाई, ते अंतर..."

"माईत हाय, सर," त्या म्हणाल्या. "साहेबानं तुमचं पत्र मीटिंगमधी वाचून दाखवलं होतं. तवापासूनच माईत हाय."

म्हणजे ऑक्टोबरात मी निघताना माझ्या मोटारसायकलला ज्यांनी वांग्यांची पिशवी अडकवली होती, त्यांना तेव्हाच सगळं माहीत होतं.

"मग बोलल्या नाहीत तुम्ही काही?"

"बोललो ना. साऱ्या बायाईनं मिळून तीन दिवस शिव्या देल्या तुमाले. तुमी नव्हते ना आयकाले." आणि त्या खळखळून हसल्या.

मॅडम निघाल्या. स्कुटीच्या पुढ्यात मेथीच्या जुड्या, शेवंतीची फुलं, एक भला मोठा भोपळा. पोरं रस्त्यापर्यंत धावत गेली. पांदण जिथून फुटते तिथे त्यांनी गाडी थांबवली आणि मला हाक मारली. "गुल्हाने सर! तुमची वस्तू पाह्यली काय?"

तिथल्या बाभळीच्या फांदीला माझी डावी सँडल टांगलेली होती. चिखलानं भरलेली, वाळून दगड झालेली. वंदनाबाईंचा शब्द खरा ठरला होता. दिवाळीनंतर माती तडकली आणि ती आपसूक वर आली होती.

मी लाजून फांदीकडे हात उंचावला.

"ओ! काढू नका थे," मॅडम ओरडल्या. "तिथंच राहू द्या. पुढच्या वर्षी यादी आली, तं साहेबाईले दाखवाले कामी येईन."

त्यांनी एका आरशात मागचं बघून घेतलं, भोपळा गुडघ्यानं नीट दाबला आणि डांबरी रस्त्यानं, लांबच्या वाटेनं, बडनेऱ्याकडे निघून गेल्या.